घरच्या घरी क्लासिक स्पोर्ट्‌स कारचं इंजिन उतरवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाड्या पाळणारे मुंबईकर, आणि अधूनमधून ठाण्या-डोंबिवलीचे लोक, हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. उत्तरांसाठी नमुना म्हणून एमजीबी धरली आहे. १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही गाडी, १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांची मांडणी अशीच असते. तुमची गाडी वेगळी असेल तर आधी प्रश्न १६ वाचा.

१. हे खरंच घरी जमतं का? की सरळ गॅरेजला द्यावं?

जमतं. एमजीबीच्या इंजिनात ना कॉम्प्युटर, ना सेन्सरचं जंजाळ. ज्याने स्वतः क्लच केबल बदलली आहे, कार्बोरेटर उघडून परत बसवला आहे आणि ज्याला पाना कुठल्या दिशेने फिरवायचा याचा विचार करावा लागत नाही, त्याने हात घालायला हरकत नाही. ज्याने अजून ऑइलही स्वतः बदललेलं नाही, त्याने पहिल्यांदा कोणाच्या तरी शेजारी उभं राहून बघावं.

मुंबईत अडतं ते कौशल्यावर नाही, जागेवर. इंजिन एका दिवसात बाहेर येतं, पण मशीनशॉपमधून परत येऊन बसेपर्यंत महिने जातात. तेवढे दिवस गाडी कुठे उभी राहणार आणि इंजिन कुठे बसणार, याचं उत्तर तयार नसेल तर पहिला नटसुद्धा सैल करू नका. या पानावरचे अर्धे प्रश्न त्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

२. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये करू शकतो का? परवानगी लागते?

सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘करा हो, काय त्यात’ हे पहिली तक्रार येईपर्यंतच टिकतं. अर्जात तारखा लिहा, वेळ लिहा (सकाळी १० ते संध्याकाळी ६ शहाणपणाची), आणि फरशी स्वच्छ करून देण्याची हमी द्या. रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनिप्रदूषण नियमांनी शांततेची वेळ आहे, आणि अडकलेल्या बोल्टवर पडणारा हातोडा स्टिल्टमध्ये चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातो.

परवानगीपेक्षा मोठी बाब म्हणजे आग. बहुतेक इमारतींत मीटर रूम आणि लिफ्टची लॉबी स्टिल्टमध्येच असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. तुमची जागा मीटर रूमला लागून असेल तर पेट्रोलची कामं तिथे करूच नका, गाडी उघड्या कंपाउंडमध्ये ढकला. हाताशी एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा, त्याचा काटा हिरव्या भागात आहे का ते बघा. वॉचमनकाकांना बिडी लांब ओढायची विनंती आधीच करा, कारण चहा घेऊन गप्पा मारायला ते हमखास येणार.

३. कुठला महिना बरा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर नाही म्हणजे नाही. उघड्या पडलेल्या लोखंडावर पावसाळी हवेत एका रात्रीत तांबूस थर येतो. त्यातून हिंदमाता, सायन, मिलन सबवेच्या आसपासचं सखल पार्किंग असेल तर विचारायलाच नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा चालू गाड्यासुद्धा हलवता आल्या नाहीत. इंजिन नसलेली तर जागची हलणारच नाही. गणेशोत्सवात मंडप कंपाउंडमध्ये लागत असेल तर तेही लक्षात ठेवा (प्रश्न १९).

४. हत्यारं कोणती लागतील? घरी मिलिमीटरचे पाने आहेत, चालतील?

एमजीबीला नाही. तिचे नट-बोल्ट इंची आहेत: ७/१६, १/२, ९/१६ हे माप सतत लागतं. १३ मिमीचा पाना १/२ इंची नटावर बसल्यासारखा वाटतो, पण फट राहते आणि जोर लावला की कोपरे गोल होतात. १४ चा पाना ९/१६ वर चढतच नाही. इंची रिंग पाने आणि सॉकेटचा सेट घ्या, सॉकेट सहा कोनी घ्या.

एमजीच्याच आणखी जुन्या टीसी किंवा टीडी गाड्या असतील तर मजा आणखी वेगळी. त्यांच्या १२५० सीसीच्या इंजिनात आटे मेट्रिक आहेत आणि नटांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. म्हणजे पाने व्हिटवर्थ, पण नवा बोल्ट मेट्रिक आट्याचा. हे माहीत नसलेला माणूस बाजारातून व्हिटवर्थ बोल्ट आणतो, तो दोन आटे जातो आणि अडकतो, मग जोर लावून ब्लॉकचे आटे खराब करतो.

खरेदीसाठी नागदेवी स्ट्रीट. पाने, सॉकेट, पट्टे, शॅकल, चेन कप्पी, सगळं एका गल्लीत मिळतं आणि दुकानदार माप न बघता हातात देत नाही. चोर बाजारात जुने व्हिटवर्थ पाने अजून सापडतात, सकाळी लवकर गेलं तर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात, पण उचलायचं कुठलंही सामान सेकंडहँड घेऊ नका. पट्ट्यावर आणि शॅकलवर वजनाची क्षमता छापलेली असली पाहिजे.

५. इंजिन क्रेन भाड्याने घ्यावी, की स्टिल्टच्या बीमला चेन कप्पी टांगावी?

बीमला काहीही टांगू नका. त्या बीमवर आधीच इमारत उभी आहे, त्यात लोंबकळणारा, झोके घेणारा भार धरलेला नसतो. भोक पाडलंत तर आतली सळई उघडी पडेल, आणि खारी हवा त्या सळईला सोडत नाही. सोसायटीने नोटीस दिली तर ती योग्यच असेल.

दोन टनी, घडी होणारी हायड्रॉलिक क्रेन घ्या. ‘दोन टन’ हे फक्त हात सगळ्यात आखूड असताना. हात पूर्ण लांब केला की तीच क्रेन साधारण अर्धा टनच पेलते, भोकाशेजारी आकडा लिहिलेला असतो. एमजीबीचं इंजिन दीडशे ते पावणेदोनशे किलोच्या घरात आणि गिअरबॉक्ससकट दोनशेच्या वर, म्हणजे अर्ध्या टनातही ते बसतं.

मुंबईत खरी अडचण जमिनीची. क्रेनची चाकं लहान लोखंडी, आणि कंपाउंडला पेव्हर ब्लॉक. चाक फटीत अडकतं, भार पुढे झुकतो. जाड प्लायवूडचे दोन तक्ते आधी अंथरा. वरची उंचीही मोजा: क्रेनचा हात पूर्ण वर गेल्यावर बीमला किंवा पाण्याच्या पाइपला लागतो का ते रिकाम्या क्रेनने एकदा करून बघा.

६. इंजिन एकटं काढू की गिअरबॉक्ससकट?

एमजीबीला माझं मत गिअरबॉक्ससकट. एकटं काढताना बेलहाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या आवरणाचे) वरचे बोल्ट फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, अंधारात असतात, हात तिरका घालून पाव-पाव आटा फिरवावा लागतो. परत बसवताना तर गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या मधोमध अचूक जावा लागतो. त्या वेळी इंजिनाचं वजन त्या शाफ्टवर पडलं तर प्लेट वाकते आणि नंतर क्लच पूर्ण सुटत नाही. दोन्ही एकत्र बाहेर काढून जमिनीवर वेगळं करणं शांतपणाचं काम आहे.

बदल्यात जास्त कोन लागतो. गिअरबॉक्सचं शेपूट खाली आणि पुली वर, जवळपास पंचेचाळीस अंशांपर्यंत तिरकं करावं लागतं. म्हणून क्रेन आणि पट्ट्यांमध्ये लेव्हलर, म्हणजे हँडल फिरवून तोल बदलायची पट्टी, हवीच. उंची कमी असेल (प्रश्न ५) आणि कोन मिळणारच नसेल, तर इंजिन एकटं काढा आणि गिअरबॉक्सखाली जॅक ठेवायला विसरू नका.

७. सुरुवात कुठून करायची? क्रम सांगा.

मोबाइलपासून. पाना उचलायच्या आधी इंजिन बे चारही बाजूंनी, वरून, खालून, दिवसाच्या उजेडात टिपून घ्या. दोन महिन्यांनी ती पांढरी वायर कुठली हे तुम्हाला आठवणार नाही. ल्युकासच्या वायरिंगचे रंग ठरलेले आहेत: तपकिरी कायम जिवंत, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून आलेली इग्निशनची, काळी अर्थ. पण साठ वर्षांत किती मिस्त्रींनी किती रंग जोडले असतील याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक वायरीवर मास्किंग टेप आणि नाव.

मग बॅटरी सोडा (प्रश्न ८). बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती पेन्सिलने खूण करून बॉनेट उतरवा, गोधडीत गुंडाळून वर घरी पाठवा. कूलंट आणि ऑइल काढून रेडिएटर, होस पाइप आणि ऑइल कूलरच्या नळ्या सोडा. पेट्रोलची नळी सोडून तिचं तोंड बंद करा. एमजीबीचा इलेक्ट्रिक पंप मागे आहे. बॅटरी सुटली नसेल आणि कोणी चावी फिरवली तर तो मुकाट पेट्रोल ओतत राहील. दोन्ही एसयू कार्बोरेटर एकत्र उतरवा. सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डपासून सुटा करा, डायनॅमो किंवा अल्टरनेटर, सेल्फची जाड वायर, डिस्ट्रिब्युटरची टोपी, हीटरचे होस.

क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) बेलहाउसिंगवरून सोडा पण त्याची नळी तोडू नका. तसाच सुतळीने बाजूला बांधा आणि पेडलवर ‘दाबू नका’ अशी चिठ्ठी लावा. दाबलं तर पिस्टन बाहेर येतो आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडतं. ते रंग खातं.

गाडीखालची कामं घोड्यांवर (गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) गाडी चढवून: गिअरबॉक्सचं ऑइल, प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट (दोन्ही फ्लँजवर आधी समोरासमोर खूण), स्पीडोमीटर केबल, ओव्हरड्राइव्ह असेल तर त्याच्या वायरी, मागचा क्रॉसमेंबर. आतून गिअरचा दांडा काढायचा. फाउंडेशनचे (इंजिन गाडीला धरून ठेवणारे) बोल्ट सगळ्यात शेवटी, क्रेनने वजन धरल्यावर. त्याआधी गाडी घोड्यांवरून परत चाकांवर उतरवा, याचं कारण प्रश्न ११ मध्ये.

८. बॅटरीची कुठली वायर आधी काढायची? सगळे म्हणतात मायनस.

अर्थची आधी. बहुतेक गाड्यांत ती मायनस असते, म्हणून लोक तसं म्हणतात. पण सुरुवातीच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ आहेत. १९६७ च्या अखेरीस बदल होऊन पुढच्या गाड्या निगेटिव्ह अर्थ झाल्या. जुन्या गाडीत मायनस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी नक्की. बॅटरीतून बॉडीकडे जाणारी वायर बघा, प्लस-मायनसच्या खुणेवर जाऊ नका. अनेक एमजीबींत सीटमागच्या झाकणाखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, एक सोडून समाधान मानू नका. मध्येच कोणी गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेतलेली असेल तर मॉडेलचं वर्षही उपयोगाचं नाही, डोळ्यांनी बघणंच खरं.

९. टेंपरेचर मीटरपासून हेडमध्ये जाणारी एक बारीक तांब्याची नळी आहे. ती कापून नंतर जोडली तर?

मीटर मेला. ती वायर नाही, नळी आहे. आत इथर भरलेला असतो, टोकाचा फुगा तापला की त्याचा दाब मीटरचा काटा हलवतो. कापली, दुमडली किंवा पिळली की दाब गेला. जोडता येत नाही, मीटर खास दुरुस्तीला पाठवावा लागतो.

सोडायची पद्धत अशी: हेडमधला नट आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० सारख्या तेलात भिजवा. सकाळी नट फिरवताना दुसऱ्या हाताने नळी धरा आणि ती नटाबरोबर फिरते का बघा. फिरत असेल तर थांबा. नट थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल. नट सुटला की फुगा सरळ रेषेत ओढायचा, पकडीने पिळायचा नाही. बाहेर आला की नळीचं ताटाएवढं मोठं वेटोळं करून फायरवॉलवर बांधून ठेवा. ऑइल प्रेशरची नळी वेगळी असते, ती सोडल्यावर थोडं ऑइल गळेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

१०. दादा, मॅनिफोल्डचा नट हलतच नाहीये. लांब पाइप घालून जोर लावू?

नको. तिथले स्टड (हेडमध्ये बसवलेले, नट चढवायचे आट्यांचे दांडे) तापून-निवून ठिसूळ झालेले असतात, हेडच्या पातळीला तुटतात आणि मग ड्रिलिंगचा खर्च. तेल लावून रात्रभर ठेवा. मग नटावर (स्टडवर नाही) हातोडीचे हलके ठोके, आणि सोडायच्या आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला ढकला, गंज तुटतो. तरी हलला नाही तर नट छिन्नीने चिरून काढा. नवा पितळी नट स्वस्त, स्टड महाग.

उष्णता देणं हा गॅरेजचा उपाय आहे. पेट्रोल असलेल्या गाडीजवळ, सोसायटीत, ब्लोलँप पेटवायचा विचारसुद्धा करू नका.

११. प्रत्यक्ष उचलताना माणसं किती? काय लक्ष द्यायचं?

तीन. एक क्रेनच्या दांड्यावर, एक इंजिनाशी, एक मागे गिअरबॉक्सच्या शेपटाशी. हुकूम एकाचाच चालतो, तो इंजिनाशी उभा असलेल्याचा. मुलं, कुत्री आणि सल्ला द्यायला आलेले शेजारी दोरीच्या पलीकडे. क्रेनने उचललेल्या वस्तूखाली हात, पाय, डोकं काही नाही.

पट्टे ब्लॉकच्या भक्कम भागाला, कधीही मॅनिफोल्ड, वॉटर पंप किंवा पुलीला नाही. पहिला इंच उचला आणि थांबा. एकदा सगळीकडे टॉर्चने बघून घ्या: एखादी अर्थची पट्टी, एखादा विसरलेला होस हमखास ताणलेला दिसतो. मग पुढचं टोक वर, शेपूट खाली, इंचाइंचाने. गिअरबॉक्सच्या शेपटाला प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधा. ऑइल काढलं तरी तिरकं झाल्यावर पेलाभर बाहेर येतंच, आणि ते टनेलमधल्या कार्पेटवर पडतं.

इंजिन पुढच्या पट्टीच्या वर आलं की क्रेन ओढू नका. उंचावर टांगलेला भार घेऊन लहान चाकांवर हलणारी क्रेन उलटते. क्रेन जागेवर ठेवा आणि गाडी मागे ढकला. म्हणूनच प्रश्न ७ मध्ये गाडी चाकांवर उतरवायला सांगितली होती. मागे जागा नसेल तर हे काम त्या पार्किंगमध्ये करू नका. गाडी बाजूला झाली की इंजिन लगेच जमिनीच्या जवळ आणा, मगच क्रेन हलवायची.

१२. बाहेर आलं. आता इंजिन ठेवू कुठे?

संपवर, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या पात्रावर, नाही. तो पत्र्याचा असतो, चेपतो, आणि आत ऑइल ओढणाऱ्या जाळीला लागतो. काही तासांसाठी जुना टायर चालतो. पुढे इंजिन स्टँड, किंवा सुताराकडून लाकडी घोडा करून घ्या, ज्यात वजन संपच्या कडेवर नाही तर ब्लॉकवर येईल. स्टँडला लावायचं असेल तर क्लच आणि फ्लायव्हील आधी उतरवावं लागतं, कारण स्टँड मागच्या बाजूने बोल्ट होतो.

वर्सोवा, माहीम, दादर चौपाटीच्या बाजूला राहत असाल तर गंजाकडे विशेष लक्ष. प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल, क्रँक हाताने दोन फेरे, प्लग परत. सगळी तोंडं टेपने बंद, कापडाने नको. कापड ओल धरतं. आणि इंजिन प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत घाम साचतो. जुनी सुती चादर, वरून सैल ताडपत्री. आठवड्याला एकदा क्रँक थोडा फिरवून ठेवा.

१३. लिफ्टने वर नेऊन गॅलरीत ठेवलं तर? सहा जणांची लिफ्ट आहे.

आकड्यांत बसतं. सहा जणांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलो, माणशी ६८ धरून. पण लिफ्टच्या जमिनीवर ते वजन चार लहान चाकांवर येतं आणि उंबऱ्यावरून चढताना स्टँड अडखळतो. वर गेल्यावरही घरभर ऑइलचा वास. तरी हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो, आणि विचारणारा एकटा राहणारा असतो असं माझं निरीक्षण आहे. खालीच स्टोअररूम बघा, किंवा थेट मशीनशॉपला पाठवा. छोटा हत्ती भाड्याने घेतलात तर आत आडवं लाकूड ठोकून इंजिन बांधा, आणि आरसीची प्रत ड्रायव्हरकडे द्या. वाटेत कोणी इंजिन कोणाचं विचारलं तर कागद असलेला बरा.

१४. बाहेर आहेच, तर काय बदलून घ्यावं?

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. एमजीबीत ते कार्बनचं असतं, झिजत झिजत संपतं. क्रँकच्या टोकातलं छोटं बुश. मागच्या ऑइल गळतीचा विषय इथेच: १९६४ पर्यंतच्या तीन बेअरिंगच्या इंजिनात मागे रबरी सीलच नाही, आट्यांसारखा खाचा असलेला भाग ऑइल परत ढकलतो, थोडं गळणं त्याच्या स्वभावातच आहे. पुढच्या पाच बेअरिंगच्या इंजिनात सील आहे, ते बदला. ब्लॉकचे पत्र्याचे कोअर प्लग, फाउंडेशनचे रबर, सगळे होस. इंजिन बे रंगवायचा असेल तर आत्ताच, पण रंगाचं काम सुरू झालं की ते आवरत नाही.

१५. माझा मिस्त्री ॲम्बेसेडरचा आहे. त्याला एमजी झेपेल? आणि ॲम्बेसेडरचं इंजिनच बसवलं तर?

झेपेल, आणि चांगलं झेपेल. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिन हे बीएमसीच्या (पालिका नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिज घराण्यातलं. १९५५ ला आलेल्या एमजीए गाडीतही सुरुवातीला १४८९ सीसीचंच बी-सीरिज होतं, आणि एमजीबीचं १७९८ त्याच घराण्यातलं मोठं भावंड. टॅपेट लावणं, हेड उतरवणं, टायमिंग या गोष्टी त्याच्या हाताला ओळखीच्या असतात. उत्तरपाड्याला ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे हे हात अजून मुंबईत आहेत. सुटे भाग मात्र नाव सारखं म्हणून घेऊ नका. जुना आणि नवा शेजारी ठेवून मापा.

इंजिनच बदलण्याबद्दल: एमजीएमध्ये ॲम्बेसेडरचं इंजिन घातलेल्या गाड्या आहेत. गाडी चालते, दम कमी होतो आणि कागदांचा प्रश्न उभा राहतो, तो प्रश्न १७ मध्ये.

१६. माझी गाडी एमजीबी नाही. हे सगळं लागू होईल का?

ट्रायंफ स्पिटफायर: पुढचं सगळं तोंड एकत्र उघडतं, त्यामुळे इंजिनाभोवती उभं राहायला जागा भरपूर. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डची चासी याच घराण्यातली, तिचंही बॉनेट तसंच. यांचा गिअरबॉक्स आतून, मधलं आच्छादन काढून निघतो, म्हणून इंजिन एकटं काढणं इथे सोयीचं. प्रश्न ६ चं माझं मत या गाड्यांना लागू नाही.

जॅग्वार ई-टाइप घरी करू नका. सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन एमजीच्यापेक्षा कितीतरी जड आणि लांब, आणि पुढची चौकट नळ्यांची. एक चुकीचा धक्का आणि ती वाकली.

एअर-कूल्ड पोर्शे ९११ किंवा बीटल: इंजिन मागे, आणि ते वर नाही, खाली निघतं. इंजिन जॅकवर उतरवतात आणि गाडी वर उचलतात. क्रेन इथे उपयोगाची नाही, उंच आणि भक्कम घोड्या हव्यात.

पद्मिनी आणि फियाट ११०० साठी: होय, बहुतेक सगळं लागू. पण त्यांचे मिस्त्री या शहरात इतके आहेत की स्वतः करण्यामागे हौस हेच कारण उरतं.

१७. आरटीओला कळवावं लागतं का?

तेच इंजिन दुरुस्त करून परत बसवणार असाल तर नाही. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला की झालं. म्हणून इंजिन बाहेर असताना नंबराची पट्टी आधी स्वच्छ करून फोटो काढा आणि मशीनशॉपवाल्याला बजावून सांगा की त्या जागी ग्राइंडर फिरवायचा नाही.

दुसरं इंजिन बसवलं तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं, नोंद बदलून घ्यावी लागते, विमा कंपनीलाही कळवावं लागतं. विंटेज नोंदणीचा विचार असेल तर आणखी जपून. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरासाठी पात्र ठरते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. ॲम्बेसेडरचं इंजिन घातलेली एमजी तिथे अडेल. असा नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही अर्ज भरायच्या आधी घरी सांगून ठेवा.

१८. जुनं ऑइल आणि कूलंट कुठे टाकायचं?

गटारात नाही. मुंबईची पावसाळी गटारं सरळ खाडीला आणि समुद्राला मिळतात. ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जे गॅरेज परवानाधारक रिसायकलरला देतं तिथे नेऊन द्या. कूलंट वेगळ्या कॅनमध्ये, कारण मिसळलेलं कोणी घेत नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलेलं लगेच पुसा, सोसायटीतली मांजरं आणि कुत्री चाटतात आणि मरतात.

फरशीवरच्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाका, रात्रभर ठेवा, मग झाडा. सुताराकडे पोतंभर फुकट मिळतो.

१९. इंजिन काढलेली गाडी हलवता येते का? गणपतीत मंडपासाठी जागा रिकामी करावी लागते.

येते, तीन-चार जण लागतात. स्टिअरिंग चालतं, ब्रेक चालतात, फक्त पुढचा भाग हलका होऊन उंच दिसतो. गिअरबॉक्सही काढला असेल तर प्रोपेलर शाफ्ट मागून पूर्ण सोडा किंवा तारेने वर बांधा. लोंबता राहिला तर पहिल्याच धक्क्याला जमिनीत रुततो. गिअरमध्ये टाकून गाडी उभी राहणार नाही, कारण गिअरच नाही. हँडब्रेक ओढा आणि दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे लावा, विटा नको, त्या फुटतात. फायरवॉलवर बांधलेल्या नळ्या-वायरी (प्रश्न ९) ढकलणाऱ्यांच्या हातात येऊ नयेत म्हणून इंजिन बेवर जाड पुठ्ठा बांधा. बॉनेट वर घरी असल्याने तेवढं झाकण लागतंच, आणि मंडपवाल्यांना त्यावर हातोडी-खिळ्यांचा डबा ठेवू देऊ नका.